एका ‘टक्’मागे दोन दोष : ऐरोलीतल्या गाडीच्या सेल्फचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण माझ्या धाकट्या बहिणीच्या गाडीचं आहे. ती ऐरोलीत सिडकोच्या जुन्या बैठ्या घरांच्या एका गल्लीत राहते आणि घरून डब्यांचा व्यवसाय करते. सोमवार ते शुक्रवार, सकाळी अकरा ते दीड या वेळात, रबाळे, महापे आणि घणसोलीकडच्या कंपन्यांत ती स्वतः गाडी चालवून डबे पोचवते. गाडी अकरा वर्षांची, पेट्रोलवरची छोटी हॅचबॅक, साधा गिअर, मीटरवर ७८,००० किलोमीटर. गाडीची कंपनी, सेक्टर आणि माणसांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. आकडे मात्र त्या त्या वेळी वहीत टिपले होते, तेच इथे आहेत.

मी कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सचं काम करतो. मोटरी आणि काँटॅक्टर रोज हाताखालून जातात, पण गाडीचा सेल्फ याआधी दोनदाच खोलला होता. (स्टार्टर मोटरला आपल्याकडे सगळे ‘सेल्फ’च म्हणतात, म्हणून इथेही तोच शब्द.)

अकरा वर्षांत ७८,००० किलोमीटर म्हणजे गाडी फारशी पळालेली नाही. पण सेल्फची झीज किलोमीटरवर ठरत नाही, किल्ली किती वेळा फिरली यावर ठरते. बहिणीचे रोजचे चौदा थांबे. प्रत्येक ठिकाणी गाडी बंद करायची, डबे पोचवायचे, पुन्हा चालू करायची. ऑफिसला जाऊन येणाऱ्या माणसाचा सेल्फ दिवसात दोन-चारदा फिरतो. हिचा पंधरा-सोळा वेळा, तोही चार वर्षं. त्यात गाडी बारा महिने उघड्यावर उभी. ऐरोलीला खाडी जवळ, हवेत दमटपणा आणि खार, आणि पावसाळ्यात गल्लीतल्या तळ्यातूनच गाडी बाहेर काढावी लागते.

अडचण

तक्रार मार्चमध्ये सुरू झाली. किल्ली फिरवली की एकच जोरदार ‘टक्’, आणि पुढे काही नाही. परत फिरवली की कधी चालू व्हायची, कधी चौथ्या-पाचव्या वेळेला. जवळच्या बॅटरीच्या दुकानात तिला सांगितलं, बॅटरी गेली. जुनी बॅटरी बदल्यात देऊन ४,२०० रुपयांना नवी बसवली. तीन महिने गाडी ठणठणीत. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात ‘टक्’ परत आला.

या वेळी तिने मला फोन केला. “दादा, बॅटरी नवी आहे तरी सेल्फ उचलत नाहीये. काल महाप्याला वॉचमनने बोनेट उघडून पान्याने काहीतरी ठोकलं, तर लगेच चालू झाली.”

मी तिला चार प्रश्न विचारले. हे प्रश्न मी पुढेही विचारीन, कारण उत्तरांत बरंच काही होतं. मी ते नीट वाचलं नाही, ते पुढे येईलच. ‘टक्’ एकदाच होतो की तडतड असा लागोपाठ? एकदाच. त्या वेळी डॅशबोर्डचे दिवे मंद होतात का? नाही, होते तसेच राहतात. सकाळी पहिल्यांदा त्रास होतो की नंतर? सकाळी कधीच नाही, पाचव्या-सहाव्या थांब्यानंतर. आणि चालू होते तेव्हा इंजिन पूर्वीसारखं जोरात फिरतं का? “नाही, जरा रेंगाळतं.”

लागोपाठ तडतड आवाज आला की पहिला संशय कमजोर बॅटरीवर किंवा सैल टर्मिनलवर घ्यावा. सोलेनॉइड (सेल्फच्या पाठीवरचा विजेवर चालणारा स्विच) आत ओढला जातो, मोटर प्रवाह मागते, व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो, व्होल्टेज पुन्हा वर येतं, आणि हेच चक्र सुरू राहतं. इथे तसं नव्हतं. एकच ‘टक्’ आणि दिवे न दबणं याचा अर्थ असा की सोलेनॉइड आपलं काम करतो आहे, पण मोटरकडे मोठा प्रवाह जातच नाही. तो जात असता तर दिवे दबले असते.

समोर असलेले पर्याय

गॅरेजमध्ये दोन भाव मिळाले होते. नवा सेल्फ ६,८०० रुपये, आणि जुना देऊन रिकंडिशन केलेला ३,२०० रुपये, मजुरी वेगळी. कोणीही गाडीला मीटर लावला नव्हता. तिसरा पर्याय म्हणजे कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून जुन्या गाडीतला सेल्फ आणायचा. तिथे स्वस्तात मिळतो, पण त्याची किती किल्ली फिरली आहे हे कळायला मार्ग नाही, आणि आपला सेल्फ झिजलाच आहे असं अजून सिद्ध झालं नव्हतं. चौथा पर्याय, घरीच तपासायचं.

भाच्याने पाचवा सुचवला. “मामा, सोलेनॉइडच्या दोन बोल्टांवर स्क्रू-ड्रायव्हर आडवा टेकवला की कळतं ना मोटर फिरते की नाही?” कळतं, हे खरं. पण ती जाड वायर थेट बॅटरीवरून येते, तिच्यावर फ्यूज नसतो. ठिणगी मोठी उडते, आणि ‘बी’ (बॅटरीकडून येणारं) व ‘एस’ (किल्लीकडून येणारं) टर्मिनल जोडले गेले आणि गाडी चुकून गिअरमध्ये असली तर ती बोनेटमध्ये वाकलेल्या माणसाच्या अंगावरून पुढे जाते. गल्लीत लहान मुलं खेळत होती. मी नाही म्हटलं, आणि तो निर्णय मला आजही योग्यच वाटतो. मीटरने तीच माहिती ठिणगी न पाडता मिळते.

पान्याने ठोकून चालवणं हा तर पर्यायच नव्हता. लहान गाड्यांच्या अनेक सेल्फमध्ये कायमचुंबक असतात, ते फेराइटचे, काचेसारखे ठिसूळ. जोरात ठोकलं तर तडकतात, आणि मग सेल्फ खरंच बदलावा लागतो. धक्का मारून दुसऱ्या गिअरमध्ये चालू करणं एखाद्या वेळी चालतं, पण डबे भरलेल्या गाडीला रोज कोण धक्का मारणार? शिवाय न जळलेलं पेट्रोल वारंवार सायलेन्सरकडे गेलं की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो.

ठरलं असं : आधी मोजायचं, मग सेल्फला हात लावायचा.

पहिली तपासणी : रविवार सकाळ

गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांना विटा लावलेल्या. भाच्याने फ्यूज बॉक्समधून पेट्रोल पंपाचा फ्यूज काढला, म्हणजे सेल्फ फिरेल पण इंजिन चालू होणार नाही. प्रत्येक वेळी किल्ली तीन-चार सेकंदच, आणि मधे अर्धा मिनिट थांबायचं. सेल्फ थोड्या वेळापुरता प्रचंड प्रवाह घेण्यासाठी बनवलेला असतो. सतत फिरवला तर आतल्या गुंडाळ्या तापून खराब होतात.

बॅटरी बसल्या जागी १२.६ व्होल्ट, म्हणजे पूर्ण भरलेली. सेल्फ फिरताना बॅटरीच्या खांबांवर १०.४ व्होल्ट. ९.६ च्या खाली गेली असती तर मी बॅटरीवर संशय घेतला असता. आदल्या संध्याकाळी इंजिन चालू असताना खांबांवर १४.२ व्होल्ट पाहिले होते, त्यामुळे बॅटरी भरणारा अल्टरनेटरही दोषमुक्त.

मग खरी मोजणी : वाटेत किती व्होल्टेज हरवतं. मीटरचं एक टोक बॅटरीच्या धन खांबावर, दुसरं सेल्फच्या जाड वायरच्या बोल्टवर, आणि किल्ली फिरवायची. ०.३ व्होल्ट. अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं, म्हणून ती बाजू ठीक. दुसरी मोजणी : बॅटरीचा ऋण खांब ते सेल्फची धातूची बॉडी. इथे ०.९ व्होल्ट आलं. ही बाजू पाव व्होल्टच्या आत असायला हवी. म्हणजे बॅटरीवर १०.४ असूनही सेल्फच्या वाट्याला ९.२ च येत होते. इंजिन रेंगाळत फिरायचं ते यामुळे.

खात्री करायला जंपर केबलचं एक टोक ऋण खांबाला आणि दुसरं थेट इंजिनच्या ब्लॉकवरच्या एका बोल्टला लावलं. किल्ली फिरवली तर सेल्फ एकदम तरतरीत फिरला. कुठल्याही गाडीची अर्थ (म्हणजे प्रवाहाची बॅटरीच्या ऋण खांबाकडे परतायची वाट) तपासायची ही सगळ्यात सोपी रीत. तिला मीटरही लागत नाही.

दोष सापडला होता. गिअरबॉक्सपासून गाडीच्या बॉडीला जाणारी तांब्याच्या विणीची अर्थ पट्टी. तिच्या लगखाली (टोकाच्या धातूच्या कडीखाली) हिरवट-पांढरी पूड साचलेली. लग काढून तारेच्या ब्रशने चकचकीत केला, बॉडीची जागा पॉलिश पेपरने घासली, बोल्ट घट्ट आवळला, वरून ग्रीस लावलं. पुन्हा मोजलं तर ०.१५ व्होल्ट. सेल्फला आता ९.९५ मिळत होते. दहा वेळा किल्ली फिरवली, दहाही वेळा गाडी उचलली.

मी वहीत लिहिलं, “दोष : अर्थ. काम पूर्ण.”

पहिला निर्णय, आणि त्यातली चूक

त्या क्षणी पुढे जाऊन सोलेनॉइडचं ‘एम’ (मोटरकडे जाणारं) टर्मिनल तपासायला हवं होतं. तिथे पोचायला एअर फिल्टरचा डबा काढावा लागत होता, आभाळ भरून आलं होतं, आणि सापडलेल्या दोषाने गाडी सुधारलेली डोळ्यांसमोर दिसत होती. मी थांबलो.

सापडलेला दोष खरा होता. पण तो बहिणीने सांगितलेल्या सगळ्या लक्षणांचा उलगडा करत नव्हता. इंजिन रेंगाळणं अर्थमुळे, हे पटतं. दिवे न दबणं, हेही चालून जातं, कारण डॅशबोर्ड आणि हेडलाइटची अर्थ गाडीच्या बॉडीवरून असते. इंजिनची अर्थ खराब असली तरी दिवे लखलखीत राहू शकतात. याच योगायोगाने मी फसलो. पण वॉचमनने ठोकल्यावर गाडी का चालू झाली? त्याने सेल्फ ठोकला होता, अर्थची पट्टी नाही. आणि ०.९ व्होल्टच्या तुटीने सेल्फ हळू फिरतो, एक ‘टक्’ करून पूर्ण गप्प बसत नाही.

दुसरी चूक त्याहून साधी. बहिणीने स्पष्ट सांगितलं होतं की सकाळी त्रास होत नाही, गाडी तापल्यावर होतो. मी तपासणी केली ती रविवारी सकाळी, रात्रभर उभ्या असलेल्या थंड गाडीवर. पन्नास वेळा मोजलं असतं तरी दोष दिसला नसता.

नऊ दिवसांनी, मंगळवारी, महाप्याला सातव्या थांब्यावर गाडी पुन्हा ‘टक्’ करून बसली. मागच्या सीटवर अठरा डबे होते. तिने रिक्षा केली, आणि उशिरा पोचलेल्या दोन ठिकाणी माणसांनी तोवर बाहेरून मागवून खाल्लं होतं. त्या संध्याकाळी ती मला रागाने काही बोलली नाही. “दादा, शुक्रवारपर्यंत मी रिक्षानेच जाते. शनिवारी तू बघ,” एवढंच म्हणाली. तीन दिवसांच्या रिक्षाचे १,८०० रुपये झाले. हा खर्च माझ्या त्या “काम पूर्ण”चा आहे, असं मी मानतो.

सोलेनॉइडच्या आत काय चालतं

दुसरी तपासणी समजायला एवढं आधी सांगायला हवं. सोलेनॉइड म्हणजे सेल्फच्या पाठीवर बसलेली छोटी नळी. तिची कामं दोन. किल्ली फिरवली की आतला लोखंडी प्लंजर ओढला जातो, तो एका तरफेने पिनियनला (मोटरच्या छोट्या दातेरी चाकाला) पुढे ढकलून फ्लायव्हीलच्या (इंजिनच्या मोठ्या चाकाच्या) दातांत बसवतो, आणि त्याच धक्क्याने शेवटी तांब्याची एक जाड चकती दोन बोल्टांच्या डोक्यांवर दाबून धरतो. एक बोल्ट ‘बी’, बॅटरीकडून येणारा. दुसरा ‘एम’, मोटरकडे जाणारा. चकती टेकली की मोटरला शंभरच्या वर अँपिअर मिळतात. ‘टक्’ आवाज याच धक्क्याचा.

प्लंजर ओढायला आत दोन गुंडाळ्या असतात. एक धरून ठेवणारी, तिचं दुसरं टोक थेट बॉडीला. दुसरी ओढणारी, जास्त ताकदीची, आणि तिचं दुसरं टोक ‘एम’वरून मोटरमधून अर्थला जातं. यातून एक फार उपयोगी खूण मिळते. मोटरचे कार्बन ब्रश पूर्ण झिजून कम्युटेटरपासून (ते ज्यावर घासतात त्या तांब्याच्या पट्ट्यांपासून) सुटले असतील, तर ओढणाऱ्या गुंडाळीची वाटच तुटते, आणि ‘टक्’ दुबळा येतो किंवा येतच नाही. आपला ‘टक्’ दणदणीत होता. म्हणून ब्रशपेक्षा तांब्याच्या चकतीवर संशय जास्त.

दुसरी तपासणी : तापलेल्या गाडीवर

शनिवारी सकाळी एअर फिल्टरचा डबा काढला आणि ‘बी’ व ‘एम’ या दोन्ही बोल्टांना बारीक वायरी चिमट्याने जोडल्या. प्रत्येक वायरीच्या बोल्टकडच्या टोकाशी एक अँपिअरचा फ्यूज, कारण ‘बी’ सदैव जिवंत असतो आणि वायर कुठे घासली तर आग लागू शकते. वायरी सायलेन्सरच्या पाइपपासून आणि पंख्यापासून लांब, चिकटपट्टीने बांधून, खिडकीतून आत घेतल्या. मग डबा परत बसवला. मीटर भाच्याच्या मांडीवर.

तशी गाडी घेऊन आम्ही ऐरोलीत फिरलो. पाच मिनिटं चालवायची, बंद करायची, दोन मिनिटं थांबायचं, परत चालू. भाचा दर वेळी ‘बी’ आणि ‘एम’ यांच्यातला फरक वाचायचा. चकती नीट टेकली तर हा फरक ०.१, फार तर ०.२ असायला हवा. पहिल्या सुरुवातीला ०.२. मग ०.३, ०.३, ०.५, ०.८. गाडी सगळ्या वेळा चालू होत होती, पण आकडा सांगत होता की चकती धड टेकत नाही. आठव्या वेळी दिवा गावाच्या बाजूला ‘टक्’ झाला आणि भाचा ओरडला, “मामा, अकरा पॉइंट सहा!”

बॅटरीकडचे जवळजवळ सगळे व्होल्ट सोलेनॉइडच्या आतच अडकले होते. ‘एम’ आणि बॉडी यांच्यात जेमतेम ०.६ व्होल्ट, तेही ओढणाऱ्या गुंडाळीतून झिरपलेले. चकतीची जोडणी उघडी. आता शंकेला जागा नव्हती. तापल्यावर तांब्याच्या गुंडाळीचा रोध वाढतो, ओढ कमी होते, आणि भाजलेल्या चकतीवरचा दाब आणखी घटतो. सकाळी त्रास नसण्याचं कारण हेच.

परत येऊन अर्थही मोजली. तेरा दिवसांपूर्वी ०.१५ होती, ती ०.४ झाली होती. पट्टीची वीण बोटांनी उकलून पाहिली तर आतून हिरवी पडलेली. मी लग घासला होता, पण पट्टीच मेलेली होती.

दुसरा निर्णय : काय बदलायचं

इथे तीन वाटा होत्या. सोलेनॉइड खोलून चकती उलटी करायची. ऑटो इलेक्ट्रिशियन हे करतात, आणि झाकण स्क्रूचं असेल तर ते चांगलं कामही देतं. आपल्या सोलेनॉइडचं झाकण मात्र कडेने चेपून बसवलेलं होतं, उघडलं तर पुन्हा पाणी न शिरेल असं बंद होणार नाही. ऐरोलीचा पाऊस बघता ही वाट सोडली. दुसरी, पूर्ण रिकंडिशन सेल्फ. तिसरी, फक्त नवा सोलेनॉइड, आणि सेल्फ खाली आलाच आहे तर मोटरही आतून पाहायची. बहिणीला विचारलं, तिने तिसरी निवडली.

बॅटरीची ऋण वायर आधी काढली. बोटातली अंगठी आणि मनगटावरचं घड्याळ घरात ठेवलं. ‘बी’ची नट, ‘एस’चा पिन, मग सेल्फचे दोन बोल्ट. वरचा लगेच आला. खालचा गंजून बसला होता. गंज सोडवायचं तेल मारून वीस मिनिटं चहा प्यायलो, मग गोटी पान्याला लांब दांडा लावून हळूहळू सोडवला. घाई केली असती तर बोल्टचं डोकं गेलं असतं. गाडी जॅकवर चढवावी लागली नाही, हे बरं झालं. पावसाने भिजलेल्या पेव्हर ब्लॉकवर जॅक खचतो, आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली मी कोणालाही जाऊ देणार नाही.

अंगणात सेल्फ व्हाइसमध्ये पकडून जंपर केबलने बॅटरी लावली. दहापैकी तीन वेळा पिनियन बाहेर आला आणि मोटर फिरली नाही. नंतर मोटर उघडली. चार ब्रश, सगळ्यात लहान ९ मिलिमीटर, स्प्रिंग ताठ. कम्युटेटर काळा पडलेला, पण खाचा ठीक. बारीक पॉलिश पेपरने तो फिरवत साफ केला. एमरी कापड वापरलं नाही, त्याचे कण वीज वाहतात आणि खाचांत अडकले तर शॉर्ट होतं. कार्बनची भुकटी कोरड्या ब्रशने काढली. पेट्रोलने काही धुतलं नाही : बुशमध्ये मुरलेलं तेल आणि पिनियनच्या क्लचमधलं वंगण, दोन्ही धुतलं जातं, आणि पुढे सेल्फ नुसता घरघरतो, इंजिन फिरत नाही.

ठाण्याच्या एका दुकानातून ८५० रुपयांचा सोलेनॉइड आणला. जुना सोबत नेला होता, म्हणून काउंटरवरच प्लंजरची लांबी, त्याच्या टोकाचा आकडा (हूक) आणि बोल्टांच्या जागा ताडून पाहता आल्या. पहिल्यांदा दाखवलेल्या सोलेनॉइडचा आकडा दोन मिलिमीटर आखूड निघाला. तो बसला असता, पण पिनियन पूर्ण बाहेर आला नसता. तिथूनच आतल्या तारांची जाडी जुळवून २२० रुपयांत अर्थची नवी वायर दोन्ही टोकांना लग दाबून घेतली.

बसवताना एकच जागा जपायची होती. ‘बी’चा बोल्ट बेकलाइटच्या झाकणात रुतलेला असतो. नट जोरात आवळली तर झाकण तडकतं, सैल ठेवली तर तिथेच तापतं. खालची नट एका पान्याने धरून वरची आवळली.

निकाल

सेल्फ फिरताना बॅटरीवर १०.४, धन बाजूची तूट ०.२५, ‘बी’ ते ‘एम’ ०.१, अर्थची ०.०७. मोटरला जवळपास १० व्होल्ट मिळू लागले. त्यानंतर आम्ही तीच चक्कर पुन्हा मारली, तापलेल्या गाडीवर, वीस वेळा बंद-चालू. एकदाही ‘टक्’वर थांबली नाही. सप्टेंबर आणि ऑक्टोबरमध्ये घेतलेल्या नोंदींत अर्थचा आकडा ०.०८ च्या वर गेलेला नाही.

जुना सोलेनॉइड हॅकसॉने कापून पाहिला. चकतीचा एक काठ जळून काळा, ‘बी’च्या डोक्यावर खड्डा. दोन दोष एकमेकांत गुंतलेले होते. अर्थ खराब, म्हणून सोलेनॉइडला व्होल्टेज कमी. व्होल्टेज कमी, म्हणून प्लंजरची ओढ दुबळी. ओढ दुबळी, म्हणून चकती टेकताना थरथरायची, ठिणगी पडायची, तांबं जळायचं. मार्चमध्ये आलेल्या नव्या बॅटरीने दोन-तीन दशांश व्होल्ट वाढवून दिले आणि हे सगळं तीन महिने झाकलं. गॅरेजच्या सल्ल्याने नुसता सेल्फ बदलला असता, तर नव्या सोलेनॉइडची चकतीही त्याच खराब अर्थवर जळत राहिली असती.

अर्थ खराब असली की प्रवाह दुसरी वाट शोधतो, आणि जुन्या गाड्यांत ती क्लच किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून जाते. म्हणून क्लचची केबल काढून पाहिली. आवरण कुठे वितळलेलं नव्हतं.

खर्च : सोलेनॉइड ८५०, अर्थची वायर २२०, रिक्षा १,८००. मार्चमधल्या बॅटरीचे ४,२०० वेगळे. ती जुनी बॅटरी बदल्यात गेली, त्यामुळे ती खरंच संपली होती का, हे आता तपासता येणार नाही.

काय वेगळं करता आलं असतं

बॅटरी बदलण्याआधी सेल्फ फिरताना एकदा खांबांवर मीटर लावायला हवा होता. दुकानदाराने लावला नाही, पण तेव्हा मला फोन आला असता तर मीही बहुधा “बॅटरी बघ” असंच म्हटलं असतं. आता म्हणणार नाही.

पहिल्या रविवारी अर्थचा दोष सापडल्यावर बहिणीचे चारही मुद्दे कागदावर उतरवून, एकेकापुढे “हा अर्थमुळे का?” असं विचारायला हवं होतं. वॉचमनच्या पान्यापाशी मी अडलो असतो, आणि आभाळ भरलेलं असलं तरी एअर फिल्टरचा डबा काढला असता. निदान बहिणीला इतकं तरी सांगायला हवं होतं की अर्धं काम झालं आहे, पुढचा आठवडा रिक्षाचा नंबर हाताशी ठेव. तिला अडकवलं ते दोषापेक्षा माझ्या खात्रीने.

अर्थची पट्टी घासण्याऐवजी सरळ बदलायला हवी होती. अकरा वर्षं खाडीच्या हवेत राहिलेली तांब्याची वीण लगपाशी चमकवून आतून बरी होत नाही, आणि नवी वायर २२० रुपयांत येते.

गाडी तापवून तपासणं कंटाळवाणं आहे. पेट्रोल जातं, शनिवार जातो. पण कधी होणारा, कधी न होणारा दोष पकडायला दुसरी रीत मला माहीत नाही. दोष जेव्हा येतो त्या वेळी मीटर लागलेला हवा, म्हणजे तो आधीच लावून निघायला हवं.

एका बाबतीत मी अजूनही अडखळतो. ब्रश ९ मिलिमीटरचे होते, सेल्फ खाली होता, ब्रशचा जोड दुकानात मिळत होता. मी जुनेच ठेवले, कारण स्प्रिंग ताठ होत्या आणि नवे ब्रश कम्युटेटरवर बसायला वेळ घेतात. सामान्य गाडीसाठी हा निर्णय चालला असता. दिवसाला सोळा वेळा फिरणाऱ्या सेल्फसाठी तेव्हाच बदलले असते तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

म्हणून मे महिन्यात, पाऊस सुरू होण्याआधी, सेल्फ पुन्हा उतरवून ब्रश बदलायचं ठरलं आहे. बोनेटच्या आतल्या बाजूला भाच्याने प्लास्टिकमध्ये घालून एक कागद चिकटवला आहे. त्यावर तारीख, चारही आकडे आणि “ब्रश ९ मि.मी.” असं त्याच्या अक्षरात लिहिलेलं आहे. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी, डब्यांना सुट्टी असते तेव्हा, तो गाडी तापवून आणतो आणि पुढची ओळ भरतो.